कातणाऱ्याच्या नाकातोंडात काय गेलं

सावंतवाडीच्या चितारआळीबद्दल लिहिणारे राजवाडा, गंजिफाचे रंगीत पत्ते आणि लाकडी फळांबद्दल भरभरून लिहितात. ते योग्यच आहे. पण कातलेल्या लाकडावर रंग कोणता चढला हे सांगताना, कातणाऱ्याच्या नाकातोंडात काय गेलं आणि हातावर काय सांडलं, हे सांगायचं बहुतेकदा राहून जातं. लाख, मग डब्यातला रंग, आणि आता हौशी मंडळींच्या हाती आलेलं रेझिन. मालाबरोबर धोकाही बदलत गेला. तो ओळखायची अक्कल मात्र दर वेळी मालाच्या मागे राहिली.

आधी लाखेचं. इथल्या खेळण्यांचं आवडतं लाकूड पांगाऱ्याचं. पांगारा म्हणजे कुंपणाचं झाड. फांदी खोचली की रुजते, अंगभर काटे, उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुलं, आणि आतून हलकं, मऊ लाकूड. जुना लेथ दोरीवर चालायचा. घरातलंच एक माणूस दोरीची टोकं आळीपाळीने ओढणार आणि दुसरं पटाशी धरून बसणार. ठोकळा एकदा सुलटा फिरतो, एकदा उलटा. धार लागते ती सुलट्या फेऱ्यातच. ठोकळ्याला आकार आला की रंग घालून घोटलेल्या लाखेची कांडी त्यावर दाबून धरायची. घर्षणानेच लाख वितळते आणि लाकडावर पसरते. वरून केवड्याचं पान दाबलं की पट्ट्या एकसारख्या होतात, झिलई चढते. या सगळ्यात खरपेपर कुठेच येत नाही. गती बेताची, त्यामुळे लाकडाचा निघतो तो कीस. हवेत तरंगणारी बारीक धूळ फार नाही.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. भारतभरच्या जुन्या लाखकामात पिवळ्यासाठी हरताळ आणि लालसाठी हिंगूळ वापरत. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, हिंगूळ पाऱ्याचं. निखाऱ्यावर लाख मऊ करत हे रंग तिच्यात मळायचे. नैसर्गिक रंगांचं कौतुक करणाऱ्या दुकानदाराला हे सांगितलं तर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मात्र त्या काळात काम सगळं आळीत, एकमेकांच्या डोळ्यांसमोर चालायचं. कोणता रंग पोराच्या हाती द्यायचा नाही, निखारा कुठे ठेवायचा, हे शिकवण्याचा वेगळा तास नव्हता. बाप करतो ते पाहून मुलगा शिकत होता.

संस्थान गेलं तसा आश्रयही आटला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून गंजिफा शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. गंजिफा वाचली, त्यावर बरंच लिहूनही झालं. त्या मानाने लेथला मोटर लागल्याची नोंद कुणी ठेवली नाही. कातणाऱ्याच्या छातीच्या दृष्टीने मोठा बदल तोच. एकाच दिशेने, वेगाने फिरणारा ठोकळा आणि त्यावर खरपेपर: काम झटपट होतं, धूळ मात्र पिठासारखी उडते. लाखेच्या जागी ब्रशने लावायचा ऑइलपेंट आला आणि पेंटसाठी पृष्ठभाग गुळगुळीत हवा म्हणून खरपेपर आणखी वाढला.

या धुळीने काय होतं, हे कळलं ते इंग्लंडमधल्या हाय वायकम या खुर्च्यांच्या गावात. एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घसा शल्यचिकित्सक बाईंच्या लक्षात आलं की एरवी क्वचित दिसणारा नाकाचा कर्करोग फर्निचर कामगारांमध्ये वारंवार दिसतोय. 1968 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो अभ्यास छापून आला. 1995 मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडाची धूळ थेट पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. ती माणसं बीच आणि ओक कातत होती, हे खरं. पण शिसवाच्या धुळीने अंगावर पुरळ उठतं हे आपल्याकडच्या सुतारालाही ठाऊक आहे. तो फक्त त्याला ‘सोसत नाही’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

कायदा आला, पण ग्राहकाच्या बाजूने. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. 2021 च्या सुरुवातीपासून खेळण्यांना मानकचिन्ह सक्तीचं झालं. त्यातून नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट मिळाली. ती मिळायलाच हवी होती, नाहीतर दोन खोल्यांत काम करणारं घर चाचण्यांच्या खर्चानेच बुडालं असतं. पण मुलाच्या तोंडात खेळणं गेलं तर काय, याचा विचार झाला. ते खेळणं घासणाऱ्याच्या नाकाचा नाही. 1948 चा कारखाना कायदाही इथे पोचला नाही. मूळ कायद्यात वीज वापरणारे दहा कामगार असतील तर कारखाना. नवरा, बायको आणि दोन मुलगे मिळून तो होत नव्हता.

मग रेझिन. 1986 साली अमेरिकेत कातकाम करणाऱ्यांची संघटना निघाली आणि हौशी लोक मेळाव्यांत जमून एकमेकांना शिकवू लागले. यात निवृत्त शिक्षक, डॉक्टर असे लोक. त्यांच्यामागे आळी नव्हती, म्हणून त्यांनी ती जमवली. लेथ सुरू करताना ठोकळा उडेल त्या रेषेत उभं राहायचं नाही, नुसता चष्मा पुरत नाही तर पूर्ण चेहरा झाकायचा, हे तिथे पहिल्यांदा सांगतात. लाकडाचा वाकडातिकडा तुकडा साच्यात ठेवून त्यावर रंगीत रेझिन ओतायचं आणि तयार ठोकळ्यातून पेन किंवा वाडगा कातायचा, हा प्रकारही अशाच हौशी मंडळींमध्ये फोफावला. आपल्या किनाऱ्यावर करवंटी, शिंपले, पांगाऱ्याचे तुकडे यांना तोटा नाही. रेझिनचा डबा घरपोच येतो. शिकवणारं कुणी बरोबर येत नाही.

रेझिनपैकी एपॉक्सीला वास फारसा नसतो, म्हणून ते सौम्य वाटतं. पातळ थरासाठी केलेलं एपॉक्सी मे महिन्यात अर्धा लिटर एकाच भांड्यात कालवून ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने भांडं मऊ पडतं, धूर येतो. खरा त्रास कातडीला, कच्च्या रेझिनचा आणि ते घट्ट करायला मिसळायच्या हार्डनरचाही. ते कातडीला लागत राहिलं तर एके दिवशी शरीर बिथरतं आणि पुढे थेंबभरानेही खाज, फोड येतात. सिंधुदुर्गात हे परक्याने सांगायची गरज नाही. काजू फोडणाऱ्या बायका टरफलाचं तेल बाधू नये म्हणून हाताला राख किंवा तेल लावतात, ते काय उगाच? गंमत म्हणजे दमट हवेतही एपॉक्सी घट्ट करणारे काही हार्डनर याच टरफलाच्या तेलापासून बनतात. रेझिन कालवताना हातमोजे घालायचे, हे वेंगुर्ल्यातल्या काजू कारखान्यातली बाई एका वाक्यात पटवून देईल.

पॉलियुरेथेन रेझिन त्याहून नाठाळ. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की नंतर अगदी थोडी वाफही पुरते. धुळीचा पांढरा मास्क वाफ अडवत नाही. त्याला काडतूस लावलेला मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. वर पॉलियुरेथेनला पाणी चालत नाही. लाकडात ओल असली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ठोकळा आतून जाळीदार पावासारखा फुगतो.

बुडबुडे दाबून टाकण्यासाठी साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवतात, आणि जुगाडाचा मोह होतो तो इथे. घरच्या कुकरची शिट्टी साधारण एक किलोच्या दाबाला होते. रेझिनला चौरस सेंटिमीटरला चार किलोपर्यंत दाब देतात. पॉटचं झाकण 25 सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर त्यावर आतून जवळजवळ दोन टनांचा रेटा येतो. म्हणून कुकर किंवा ओळखीच्या वेल्डरने जोडलेली टाकी चालत नाही. पॉटवर छापलेली दाबाची मर्यादा ओलांडायची नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करायचा नाही, आणि काटा शून्यावर आल्याखेरीज एकही बोल्ट सैल करायचा नाही.

राहिला पाऊस. आषाढ-श्रावणात मालवणात मीठसुद्धा बरणीत पाझरतं, तिथे लाकूड कोरडं राहणार कसं? ओव्हनमध्ये वाळवलेला ठोकळा उघड्यावर थंड व्हायला ठेवला की तो पुन्हा ओल ओढू लागतो. तेव्हा उन्हाळ्यातच तुकडे वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावेत आणि साचा तयार झाल्यावरच बाहेर काढावेत. ते जमत नसेल तर दसऱ्यापर्यंत पॉलियुरेथेनचा डबा उघडूच नये. तोवर लाखेचं काम शिकून घ्यायला चितारआळी आहेच.