राखणारा भुंगेरा आणि खाणारा भुंगेरा

सगळे भुंगेरे सारखे नसतात. दोघांच्याही पाठीवर कडक पंखांचे झाकण असते, पण एक आपले पीक राखतो आणि दुसरा ते खातो.

आधी खाणारा पाहू. वळवाचा किंवा रोहिणीचा चांगला पाऊस झाला, की दिवेलागणीला तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर निघतात. कडुलिंबावर, बाभळीवर बसतात. रात्रभर पाला खातात आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते. एकेक मादी सुमारे ५० अंडी घालते. त्यांतून पांढरी, जाड, वाकडी अळी निघते. तीच हुमणी! ती उसाची, भुईमुगाची मुळे कुरतडते. ऊस पिवळा पडतो. आपल्याला वाटते, पाणी कमी पडले. ओढून पाहावे, तर ऊस अलगद हातात येतो. खाली मूळच नसते.

आता राखणारा. तो हरभऱ्याच्या डाळीएवढा, लाल किंवा पिवळट असतो. पाठीवर काळे ठिपके. त्याला ढालकिडा म्हणतात. ज्वारीवर, करडईवर मावा पडला की हा तिथे येतो आणि मावा खातो. पानाला तोंड लावत नाही.

त्याची अळी तर त्याच्याहून खादाड. पण रूप वाईट! काळसर, लांबट, सहा पायांची, अंगावर नारिंगी ठिपके. मी एकदा परसातल्या वालावर अशा अळ्या पाहिल्या आणि कीड समजून सगळ्या चिरडल्या. आठ दिवसांत वेल माव्याने भरला. राखणदार मीच मारले होते.

एक मात्र ध्यानात ठेवा. वांग्याच्या पानांची जाळी करणारा, बारीक लव असलेला ठिपक्यांचा भुंगेरा वेगळा. तो पान खातो. म्हणून नुसते ठिपके पाहू नका, तो काय खातो ते पाहा.

मग करायचे काय? पहिल्या पावसानंतर रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या, बाभळीच्या फांद्या हलवा. खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. हे काम साऱ्या गावाने मिळून करावे. भुंगेऱ्याला बांध कळत नाही. एकट्याने वेचले, तर शेजारच्या रानातले येतात.

आणि माव्यावर औषध मारण्याआधी पान उलटून बघा. ढालकिडे पुष्कळ दिसले, तर चार दिवस थांबा. त्यांचे काम त्यांना करू द्या.