मातीचा मुलगा, पाण्याची आई

देवबाग ही मालवण तालुक्यातली वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम. या किनाऱ्यावर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की घरातला लाकडी पाट बाहेर निघतो आणि ‘गणपतीच्या शाळेत’ जातो. शाळा म्हणजे मूर्तिकाराची पडवी किंवा मांगर. एकेका घराचा पाट पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या शाळेत जातो आणि त्याच पाटावर मातीचा गोळा हळूहळू आकार घेतो. पोट, सोंड, हात होतात. शेवटी डोळ्यांची रेखणी होते, आणि कालपर्यंतची माती आपल्याकडे बघू लागते.

या मूर्तीमागची कथा पोरासोरांनाही पाठ असते. पार्वतीने अंगावरच्या मळापासून एक मुलगा घडवला आणि त्याला दाराशी पहाऱ्याला बसवले. कुणालाही आत सोडू नकोस, एवढीच आज्ञा. त्याने ती पाळली आणि बापाच्या त्रिशूळाने त्याचे मस्तक उडाले. शिवपुराणातल्या या कथेकडे भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून पाहिले, तर ती एका घडवलेल्या जीवाची गोष्ट आहे. त्याला बालपण नाही, मागचे आयुष्य नाही. निर्मात्याने दिलेले काम तेवढे आहे, आणि तेच काम त्याच्या जिवावर उठते.

नेमक्या याच दुखऱ्या जागेवर एका जपानी मालिकेने बोट ठेवले. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ हे तिचे नाव. जपानी चित्रकथेला ‘मंगा’ म्हणतात आणि तिथल्या चलत्‌चित्र मालिकेला ‘ॲनिमे’. होक्काइदो बेटावरच्या दूधदुभत्याच्या व्यवसायात वाढलेल्या हिरोमु अराकावा या लेखिका-चित्रकर्तीने 2001 मध्ये ही मंगा सुरू केली. ती 2010 पर्यंत चालली आणि तिचे 27 खंड झाले. मंगा अर्ध्या वाटेवर असतानाच, 2003 मध्ये, ‘बोन्स’ या स्टुडिओने तिच्यावर 51 भागांची मालिका काढली. दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा. मूळ कथा पूर्ण झालेली नसल्यामुळे मालिकेने पुढे स्वतःची वाट धरली, आणि त्या वाटेवर ‘स्लॉथ’ हे तिचे स्वतःचे पात्र जन्माला आले.

कथेचे जग किमयागारांचे आहे. तिथे किमया हे शास्त्र आहे आणि त्याचा नियम सरळ व्यापाऱ्याचा आहे: जेवढे घ्याल, तेवढ्याच मोलाचे द्यावे लागेल. एडवर्ड आणि अल्फॉन्स एल्रिक या भावंडांचे वडील घर सोडून गेलेले. आई ट्रिशा आजारपणात जाते. पोरांना किमया येते, म्हणून ती आईला परत आणायचे ठरवतात. मेलेल्या माणसाला घडवण्यास सक्त मनाई आहे, हे माहीत असूनही.

मोठ्या माणसाच्या शरीराला काय काय लागते, याची यादी एडवर्डला तोंडपाठ आहे. पाणी 35 लिटर, कार्बन 20 किलो, अमोनिया 4 लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस 800 ग्रॅम, मीठ 250 ग्रॅम, सोरा 100 ग्रॅम, गंधक 80 ग्रॅम, मग फ्लोरिन, लोखंड, सिलिकॉन आणि आणखी पंधरा मूलद्रव्ये किंचित किंचित. हा सगळा जिन्नस बाजारात पोराच्या खाऊच्या पैशांत मिळेल, असे तो कडवटपणे सांगतो. वाणसामान भरावे तशी दोघे आई जमवतात. प्रयोग फसतो. एडवर्डचा पाय जातो, अल्फॉन्सचे अख्खे शरीर जाते. धाकट्याचा जीव वाचवायला थोरला आपला हातही देऊन बसतो आणि भावाचा आत्मा एका लोखंडी चिलखतात अडकवतो. वर्तुळाच्या मधोमध मात्र काहीतरी धडपडत असते. त्याला माणूस म्हणता येत नाही. पोरे ते तिथेच सोडून देतात.

तीच ती स्लॉथ.

मालिकेत अशा घडवलेल्या माणसाला ‘होमन्क्युलस’ म्हणतात. हा लॅटिन शब्द, अर्थ ‘छोटा माणूस’. सोळाव्या शतकातला स्विस वैद्य पॅरासेल्सस याच्या नावावर असलेल्या ग्रंथात बंद पात्रात असा जीव तयार करण्याची कृती दिली आहे. पुढे 1818 मध्ये मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जोडून जीव घडवतो आणि त्याने डोळे उघडताच घाबरून पळ काढतो. त्या जीवाला कादंबरीभर नावही मिळत नाही. मराठीत जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ या कादंबरीत यंत्रमानव आणला तेव्हा त्याला दशावतारातल्या पाचव्याचे नाव दिले. दशावताराचे खेळ जत्रेत रात्रभर पाहणाऱ्या मालवणी माणसाला ते नाव नवे नाही.

2003 च्या मालिकेतल्या सात होमन्क्युलसांची नावे ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापापांवरून ठेवली आहेत. आपल्या षड्रिपूंशी ती ताडून पाहिली की गंमत दिसते. लस्ट म्हणजे काम, रॅथ म्हणजे क्रोध, ग्रीड म्हणजे लोभ, प्राइड म्हणजे मद, एन्व्ही म्हणजे मत्सर. पाच जुळले. उरतात ग्लटनी आणि स्लॉथ, म्हणजे खादाडपणा आणि आळस. आपल्या यादीतला मोह मात्र त्यांच्याकडे नाही. गंमत अशी की त्यांच्यातल्या कित्येकांचा जन्मच मोहातून झाला आहे. कुणी एक जण आपल्या मेलेल्या प्रेयसीला परत आणू पाहतो आणि लस्ट जन्मते. एल्रिक भावंडांची गुरू इझुमी आपले मृत मूल जिवंत करू पाहते आणि रॅथ जन्मतो. आई हवी म्हणून दोन पोरे हट्टाला पेटतात आणि स्लॉथ जन्मते.

आळसाचे नाव मिरवणारी ही बाई दिवसभर कामात असते. देशाच्या सर्वोच्च सेनानीची सचिव म्हणून ती ज्युलिएट डग्लस या नावाने वावरते. शरीर पाण्याचे करण्याची शक्ती तिच्यात आहे. चेहरा ट्रिशाचा. आणि तिच्या डोक्यात ट्रिशाच्या आठवणी आहेत: ती घर सांभाळणारी आई, ती दोन पोरे, तो जिव्हाळा. खरी पंचाईत इथेच आहे. या आठवणी तिने जगलेल्या नाहीत, पण त्या तिला सोडतही नाहीत. आपण ट्रिशाची नक्कल नसून वेगळ्या कुणीतरी आहोत, हे स्वतःला पटवायचे तर एकच उपाय तिला दिसतो. त्या दोन मुलांना संपवायचे.

दुसऱ्या बाजूला रॅथ आहे. दिसायला पोरगा, आणि एडवर्डने गमावलेले हात-पाय याच्या अंगाला आहेत. तो स्लॉथला आई म्हणतो. जिला खरी मुले नकोत अशी घडवलेली आई आणि ज्याला आई हवी आहे असे घडवलेले मूल, ही या मालिकेतली सर्वांत विलक्षण जोडी आहे. दोघांत रक्ताचे नाते नाही, कारण दोघांना धड रक्ताचाच वारसा नाही. तरी रॅथच्या हाकेत खोट नाही.

मालिकेच्या नियमाप्रमाणे होमन्क्युलसला दुबळे करणारी एकच वस्तू असते: ज्याच्यासाठी तो घडवला गेला, त्या मृत माणसाचे अवशेष. 48 व्या भागात रॅथ स्लॉथला वाचवायला तिच्यात मिसळतो, आणि त्याच्यासोबत ट्रिशाचे अवशेषही तिच्यात शिरतात. ती जागच्या जागी खिळते. एडवर्ड तिच्या पाण्याच्या शरीराचे अल्कोहोल करतो. आई मुलांच्या डोळ्यांदेखत उडून जाते, आणि जाता जाता बोलते ते खऱ्या आईसारखेच.

खलनायक मेल्यावर प्रेक्षकाला हायसे वाटायला हवे. इथे तसे होत नाही, कारण गुन्हा कुणाचा हा प्रश्न मिटत नाही. स्लॉथने जन्म मागितला नव्हता. ज्यांनी तिला घडवले तीही पोरेच होती. पण घडवल्यावर त्यांनी पाठ फिरवली, हेही खरेच. मधल्या काळात तिला हाताशी धरले ते डांटे या कारस्थानी बाईने, आणि नाव मिळाले तेही पापाचे.

पार्वतीच्या मुलाची गोष्ट याच्या नेमकी उलट. त्याचे मस्तक उडाल्यावर पार्वतीचा कोप असा की सृष्टी बुडायची वेळ येते. हा माझा मुलगा आहे, यावर ती अडून बसते. मग हत्तीचे मस्तक येते, गणांचे आधिपत्य मिळते आणि ज्याने मारले तोच त्याला पुत्र म्हणून स्वीकारतो. दोन्ही कथांत जीव घडवला जातो आणि दोन्हींत त्याचा बळी जातो. फरक एवढाच की एकीकडे घडवणारी त्याच्यासाठी भांडते. दशावताराचा खेळही त्या गणपतीच्या प्रवेशाने सुरू होतो.

पाहायची असेल तर मालिका निवडताना काळजी घ्यावी. 2009 मध्ये मूळ मंगाला धरून 64 भागांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड’ ही दुसरी मालिका निघाली. तिच्यातला स्लॉथ हा भुयार खणणारा अगडबंब पुरुष आहे, त्याचा एल्रिकांच्या आईशी काहीही संबंध नाही. इथे सांगितलेली स्लॉथ फक्त 2003 च्या मालिकेत भेटते. आणि कार्टून आहे म्हणून ती लहान मुलांसमोर लावू नये. सुरुवातीच्या भागांतच एका बापाने स्वतःच्या लहान मुलीवर केलेला प्रयोग आहे, तो मोठ्यांनाही जड जातो.