बंब, बिनतारी यंत्र आणि लोणंदचा मुक्काम

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरेचे स्नान घडवून पालखी पाडेगावच्या बाजूने सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदच्या मुक्कामी विसावते, त्या दिवशी एरवी कांद्याच्या बाजारपेठेसाठी आणि पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानकासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाची वस्ती एका संध्याकाळीत कित्येक पटींनी फुगते. माळावर राहुट्या उभ्या राहतात, दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर मिळेल त्या जागी चाके टेकतात, शेकडो ठिकाणी एकाच वेळी स्वयंपाक चढतो. अशा वस्तीत मध्यरात्री एखाद्या राहुटीतली शेगडी भडकली, अथवा एखाद्या वृद्ध माउलीच्या छातीत कळ आली, तर मदत कोठून, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या हुकमाने यावयाची, हे त्या घटकेला ठरवू म्हटल्यास ठरत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते. अग्निशमनाच्या आणि आपत्कालीन सेवांच्या साऱ्या संघटनेचे मर्म या पूर्वतजविजीत आहे, आणि ‘गावाकडे बंब किती’ एवढाच प्रश्न विचारून थांबणाऱ्या आपल्या लोकव्यवहारात नेमके तेच दृष्टीआड होते.

बंब बोलवा, असे आपण म्हणतो. परंतु अग्निशमन दलाच्या लेखी बंबांच्या जाती वेगळ्या आणि त्यांची कामेही वेगळी. तेलाच्या आगीवर फेसाचा थर पसरणारी गाडी निराळी, उंच इमारतींसाठी शिडीची निराळी, अपघातात चेपलेल्या मोटारीचा पत्रा कापून माणूस सोडविणारी निराळी. यांत सर्वांत परिचित तो पाण्याचा बंब. त्याच्या टाकीत साधारणपणे 4500 लिटर पाणी मावते आणि गाडीच्याच इंजिनाच्या बळावर त्याचा पंप चालतो. ऐकताना हा साठा मोठा वाटतो; पण दोन नळ्यांनी जोमाने मारा सुरू झाला, की पाच-सात मिनिटांत टाकी रिती होते. पहिल्या गाडीपाठोपाठ दुसरी निघालीच पाहिजे, हे या साध्या हिशेबावरूनच ठरते. पहिली गाडी वाऱ्याच्या पाठीशी, परंतु मागून येणाऱ्यांची वाट न अडविता उभी राहावयाची. दुसरीने आगीकडे धाव न घेता विहीर, तलाव अथवा कालवा गाठून पहिलीस पाणी पुरवावयाचे. आणि तिसरीने, आगीचा लोळ समोर दिसत असला तरीही, हुकूम येईपर्यंत ठरलेल्या जागी थांबावयाचे. धावून जाण्यासाठी शिकविलेल्या माणसाला थांबावयास शिकविणे हा या विद्येचा सर्वांत अवघड धडा असावा, असे मला वाटते.

सातारा जिल्ह्याला या धड्याची किंमत ठाऊक आहे. 25 जानेवारी 2005 रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, वाटेवरची दुकाने पेटली आणि 290हून अधिक भाविक प्राणास मुकले. डोंगरावरच्या चिंचोळ्या वाटेवर एकदा माणसांचा समुद्र लोटला, की कितीही सज्ज गाडी खालून वर नेता येत नाही. ती यात्रेपूर्वीच वर नेऊन, बाहेर पडण्याच्या वाटेकडे तोंड करून, उभी करावी लागते. यात्रांच्या आणि वारीच्या बंदोबस्तात रुग्णवाहिका व बंब आगाऊ तैनात करावयाचे ते याच कारणाने.

गाड्या वेळेवर येऊनही अनर्थ कसा ओढवतो, याचे आपल्या इतिहासातील सर्वांत दारुण उदाहरण मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतले आहे. 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजातील कापसाच्या गठ्ठ्यांना आग लागली. त्याच जहाजात सुमारे 1400 टन स्फोटक द्रव्ये होती; परंतु स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावावयाचा लाल बावटा त्यावर फडकत नव्हता. अग्निशमन दलाचे जवान पाणी मारीत राहिले, निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी धक्क्यावर आले, जहाज तेथेच बुडवावे की गोदीबाहेर न्यावे याची चर्चा झाली. पण एका मुखाने अंतिम आज्ञा करील असा कोणी निघाला नाही. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. त्या दिवशी 66 अग्निशमन जवान कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तेथे शौर्याची उणीव नव्हती, पाण्याचीही नव्हती. धोक्याची इशारत योग्य माणसापर्यंत पोहोचली नाही आणि आज्ञा करण्याचा अधिकार एका ठिकाणी एकवटलेला नव्हता, म्हणून ते जवान गेले.

इशारत पोहोचविण्याचे मुख्य साधन आज बिनतारी यंत्र हे आहे. भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या खिशात असताना या जुन्या यंत्राचा आग्रह का, असे कोणी विचारील. भ्रमणध्वनीवर एक माणूस एकाशी बोलतो. बिनतारी यंत्रावर एकाने उच्चारलेला शब्द त्या वाहिनीवरच्या सर्वांच्या कानी एकाच क्षणी पडतो, आणि त्यामुळे जो बोलत नाही त्यालाही प्रसंगाचे भान राहते. शिवाय लाखो माणसे एका माळावर जमली, की भ्रमणध्वनीचे जाळे कोंडते, आणि पुरात वीज गेली की त्याचे मनोरे मुके होतात. बिनतारीची मर्यादा निराळी आहे. या कामी वापरल्या जाणाऱ्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात, आणि हातातल्या यंत्राची शक्ती असते अवघी पाच वॅटच्या आसपास. लोणंदहून साताऱ्याकडे निघालेल्या वाहनास सालपे घाट ओलांडावा लागतो, महामार्गाने जाणाऱ्यास खंबाटकी. डोंगराच्या अशा आडोशात लहर अडते. यावर उपाय म्हणून उंच माथ्यावर पुनःप्रक्षेपक बसवितात. तो एका कंपनसंख्येवर आलेला क्षीण आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंपनसंख्येवर जोरकसपणे पुढे धाडतो, म्हणून घाटाच्या दोन अंगांची माणसे एकमेकांशी बोलू शकतात.

परंतु यंत्रापेक्षा महत्त्वाची ती त्यावरची शिस्त. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. दोघांनी एकदम कळ दाबली, तर बहुधा दोघांचेही शब्द घरघरीत बुडून जातात. म्हणून प्रत्येक गाडीला संकेतनाम असते, आधी ज्याला बोलवावयाचे त्याचे आणि मग स्वतःचे नाव घ्यावयाचे, निरोप थोडक्यात द्यावयाचा, ऐकणाऱ्याने महत्त्वाचा भाग परत उच्चारावयाचा आणि नियंत्रण कक्षाने तो वेळेसह नोंदवहीत उतरवावयाचा. मुंबईत ‘लेव्हल दोन’ अथवा ‘लेव्हल तीन’ एवढे दोन शब्द घटनास्थळावरून आले, की किती व कोणत्या गाड्यांची रवानगी करावयाची हे वेगळे सांगावे लागत नाही.

या शिस्तीचे सर्वांत सुंदर दर्शन मात्र वारीतच घडते, आणि तेथे यंत्र नसते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी सर्व दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदाराने दंड उंचावताच तो विराट समुदाय एकाएकी स्तब्ध होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याचा निवाडा होतो. हरवल्या-सापडल्याची वर्दी दिली जाते. ज्याला सांगावयाचे आहे त्यानेच आवाज करावा आणि इतरांनी मौन धरून त्याला वाट द्यावी, ही बिनतारी वाहिनीची मूळ आज्ञा येथे शतकाहून अधिक काळ पाळली जात आहे. या सोहळ्याला दिंड्यांच्या क्रमाची घडी घालून देणारे हैबतबाबा हे साताऱ्याजवळच्या आरफळचे आणि शिंद्यांच्या लष्करात सरदारी केलेले. फौजेच्या कूचमुक्कामाची नजर त्यांनी भक्तीच्या सेवेला लावली, असे मानावयास जागा आहे.

वारीचे दिवस सरल्यानंतरच्या लोणंदची व्यवस्था पुष्कळशी दुरून चालते. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात 2014 साली सुरू झाली. तिच्या 937 गाड्यांपैकी 233 प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या आणि 704 प्राथमिक स्वरूपाच्या होत्या, आणि फोन घेणारा कक्ष पुण्यात बसविला गेला. उपग्रहाच्या साह्याने गाडी कोठे आहे ते या कक्षाला दिसते. पण फोन करणाऱ्याने नुसते ‘बाजारतळाजवळ या’ म्हटले, तर तो बाजारतळ कोणत्या गावचा आणि त्याची मोकळी वाट कोणती, हे पुण्यात बसलेल्यास कसे कळावे? पोलीस, रेल्वे, आरोग्य आणि अग्निशमन यांच्या वाहिन्याही बहुधा निरनिराळ्या असतात. पालखीच्या काळात प्रत्येक खात्याचा एक अंमलदार एकाच कक्षात आपापले यंत्र घेऊन बसला, की ही दरी शेजारच्या खुर्चीएवढी उरते. पालखी फलटणकडे सरकली, की ती पुन्हा पूर्ववत होते.

ग्रामीण भागात बंब 20 मिनिटांत पोहोचावा, असा केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा दंडक आहे. लोणंद-फलटण लोहमार्गाची लांबी 26 किलोमीटर. रस्त्याचे अंतरही त्याच सुमाराचे धरले आणि ताशी 45 किलोमीटरचा वेग धरला, तर फलटणहून मदतीला येणाऱ्या गाडीस अर्ध्या तासाहून अधिक लागणार. औद्योगिक वसाहत, गोदामे आणि लोहमार्ग यांनी वाढत चाललेल्या गावाने हा अवधी केवळ नशिबावर सोडू नये. वारीसाठी जी घडी दरवर्षी बसविली जाते तिच्यातला थोडा अंश बाराही महिने राखावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुसरा बंब मागविण्याचा अधिकार रात्री कोणाकडे, हे नगरपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात लिहून ठेवलेले असावे; शेजारच्या दलांशी एक सामाईक वाहिनी ठरवून आठवड्यातून एकदा तिच्यावर हजेरी घेतली जावी. नीरा उजव्या कालव्याच्या काठापर्यंत बंब नेऊन पाणी खेचता येईल अशा जागा कोणत्या, याचा नकाशा करण्यास उन्हाळ्यापूर्वीचे दोन-तीन दिवस पुरेत; आणि कालव्याला आवर्तन नसेल तेव्हा कोणाच्या विहिरीवर जावयाचे, तेही मालकाच्या संमतीने त्याच नकाशावर नोंदविलेले असावे.