मांजराचा मेंदूदाह

घरांतील पोर निपचित पडलें कीं सारें घर भोंवतीं गोळा होतें. मांजराचें तसें होत नाहीं. दोन दिवस तें दुधाला शिवलें नाहीं, चालतांना झोंकांड्या देऊं लागलें, तरी ‘कुठें तरी पडलें असेल’ म्हणून आपण सोडून देतों. दोन वर्षांच्या आंतील मांजराच्या बाबतींत ही उपेक्षा फार महाग पडते; कारण कित्येकदां तो मार लागल्याचा परिणाम नसून मेंदूस आलेली सूज असते.

या सुजेचें एक प्रमुख कारण म्हणजे मांजरांचा कोरोना विषाणु. (आपल्या कोविडचा हा विषाणु नव्हे, माणसास तो बाधत नाहीं.) तो आंतड्यांत राहतो, विष्ठेंतून पसरतो आणि बहुधा चार दिवसांच्या हगवणीपलीकडे कांहीं करीत नाहीं. परंतु थोड्या मांजरांत तो रूप पालटतो. रक्तांतील ज्या पेशींनीं जंतूंचा फडशा पाडावयाचा, त्यांच्यांतच तो वाढतो आणि त्यांच्याच पाठीवर बसून देहभर हिंडतो. चोरानें पहारेकऱ्याचाच घोडा पळवावा, तसा हा प्रकार! मग कुणाच्या पोटांत पाणी सांचतें, तर कुणाच्या डोळ्यांत व मेंदूच्या आवरणांत दाह होतो. तोल जातो, बुबुळें थरथरतात, झटके येतात.

बोस्टन येथील जीन होल्झवर्थ या विदुषीनें १९६३ सालीं या रोगाचें वर्णन केलें. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ रोगनिदान म्हणजे मृत्युपत्रच होतें. पुढें कॅलिफोर्नियांत डेव्हिस येथें नील्स पेडरसन यांनीं जीएस-४४१५२४ हें रेमडेसिविरच्या कुळांतील औषध ३१ मांजरांस टोंचलें. २०१९ सालच्या वृत्तांताप्रमाणें त्यांपैकीं २५ दीर्घकाळ जगलीं. मेंदूचा विकार बळावलेलीं मांजरें मात्र त्यांत घेतलीं नव्हतीं. रक्त आणि मेंदू यांमधील पडदा औषधाचा थोडाच अंश आंत जाऊं देतो; म्हणून पुढें मात्रा वाढवून पाहिली, तेव्हां अशा चार मांजरांपैकीं तीन वांचलीं. चार ही संख्या ती केवढी! पण जेथें एकहि वांचत नव्हतें, तेथें तीन थोडीं नव्हेत. ब्रिटनमध्यें २०२१ पासून व अमेरिकेंत २०२४ पासून पशुवैद्याच्या चिठ्ठीनें हें औषध मिळूं लागलें.

आपल्याकडे मात्र आणखी एका मेंदूदाहाचें भान ठेविलें पाहिजे. कुत्र्याप्रमाणेंच मांजरहि पिसाळतें आणि तो विषाणु माणसास सोडीत नाहीं. रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय उरत नाहीं. यास्तव झोंकांड्या देणारें, लाळ गाळणारें किंवा अकारण अंगावर येणारें मांजर मुलांस उचलूं देऊं नये, आणि आजीबाईंनींहि मायेनें तें मांडीवर घेऊं नये. चावलें वा ओरखडलें, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहींहि जखमेंत भरूं नये.