वय वाढलं की पाय लवकर थकतात, की उशिरा सावरतात?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, काही वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.)

आज एकच प्रश्न घेतोय. पुण्याच्या एका ताईंचा मेसेज आलाय. वय ५७, बारा वर्षं धावतायत, सातारा हिल हाफ मॅरेथॉन चार वेळा पूर्ण केलीय. त्यांचं म्हणणं असं, की रविवारी सिंहगड चढून-उतरून आलं की पूर्वी मंगळवारी पाय मोकळे व्हायचे, आता गुरुवार उजाडतो. ग्रुपमधली पंचविशीतली मुलं मात्र मंगळवारी ट्रॅकवर हजर. त्यांच्या बरोबरीनं जायचं तर पाय ओढत जावं लागतं. मग आता थांबावं का, असं त्यांनी विचारलंय.

उत्तर द्यायच्या आधी ‘थकणं’ या शब्दाची जरा फोड करूया. कारण आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो आणि तिथेच घोळ होतो.

पहिली गोष्ट. प्रयोगशाळेत एखाद्याला गुडघा सरळ करायच्या यंत्रावर बसवतात आणि स्वतःच्या कमाल ताकदीच्या ठरावीक टक्के जोर लावून धरायला सांगतात. नुसतं धरून ठेवायचं, हलवायचं नाही. अशा प्रयोगांत वयस्कर माणसं बरेचदा तरुणांपेक्षा जास्त वेळ टिकतात. हो, जास्त वेळ! पण त्याच पायानं भराभर, जोरात हालचाली करायला सांगितल्या की चित्र उलटतं आणि वयस्कर स्नायूची शक्ती झपाट्यानं उतरते.

असं का? आपल्या मज्जारज्जूत एकेक चेतापेशी असते आणि तिच्या ताब्यात स्नायूतल्या तंतूंचा एक गट असतो. या जोडीला मोटर युनिट म्हणतात. वयानुसार यातल्या काही चेतापेशी मरतात, आणि जास्त करून वेगवान तंतू सांभाळणाऱ्या. मागे राहिलेले तंतू पोरके होतात. काही सुकून जातात, काहींना शेजारची चेतापेशी दत्तक घेते. आता दत्तक घेणारी पेशी संथ घराण्यातली असेल, तर तो तंतूही हळूहळू त्या घराच्या चालीरीती उचलतो आणि संथ होतो. म्हणून साठीतला स्नायू एकंदरीत संथ असतो, पण चिवट असतो. धरून ठेवायला उत्तम, झटका द्यायला कमी.

आता दुसरी गोष्ट, जी स्पर्धेत सगळ्यात जास्त जाणवते. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्स. हृदयाचे कमाल ठोके दर दहा वर्षांत साधारण सातने उतरतात, आणि त्याबरोबर हा आकडाही उतरतो. सराव चालू ठेवणाऱ्यांत हळू, बसून राहणाऱ्यांत जास्त. समजा, एका धावपटूचा आकडा तिशीत ६० होता आणि पंचावन्नाव्या वर्षी ४८ आहे. एखाद्या वेगाला ४२ लागत असतील, तर तिशीत तो ७० टक्क्यांवर धावत होता आणि आता साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर. घड्याळातला वेग तोच, पण शरीराच्या हिशेबानं ती वेगळीच शर्यत झाली! दमणारच. यात स्नायूचा दोष फारसा नाही. उलट, वर्षानुवर्षं सराव करणाऱ्यांच्या स्नायूंत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया आश्चर्य वाटावं इतके टिकून असतात.

एड व्हिटलॉक यांचं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. जन्म लंडनचा, १९३१ चा, आयुष्य गेलं कॅनडात. ओंटारिओमधल्या मिल्टन गावी घराजवळच्या दफनभूमीत हा माणूस तासन् तास संथ फेऱ्या मारायचा, कधीकधी तीन-तीन तास. २००४ साली ७३ व्या वर्षी त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत संपवली. २०१६ मध्ये ८५ व्या वर्षी तिथेच ३ तास ५६ मिनिटं ३४ सेकंद. म्हणजे बारा वर्षांत तासाभरानं वेळ वाढली, वयानं त्यांनाही सोडलं नाही. पण काय गेलं बघा. वेग गेला. ४२ किलोमीटर चालत राहायची क्षमता शाबूत होती. कॅनडातच ऐंशीच्या आसपासच्या जागतिक दर्जाच्या खेळाडूंचा अभ्यास झाला, त्यांच्या नडगीच्या स्नायूत समवयस्कांपेक्षा जास्त मोटर युनिट शिल्लक सापडली. यात सराव किती आणि आईबापांकडून आलेलं किती, हे कुणी मला छातीठोकपणे सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

आणि आता तिसरी गोष्ट, ताईंची खरी अडचण. सावरणं.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात तरुण आणि चाळिशी ओलांडलेले, दोन्हीकडचे कसलेले धावपटू ५५ किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीआधी आणि नंतर तपासले. शर्यतीनं दोन्ही गटांची ताकद उतरवली. फरक पडला तो पुढच्या दिवसांत, वयानं मोठे असलेले हळू भरून आले. दुसऱ्या एका अभ्यासात विशीतल्या आणि पन्नाशीतल्या ट्रायथलॉनपटूंना अर्धा तास उतारावर पळवलं. त्यानंतरच्या दिवसांत पन्नाशीतल्यांच्या स्नायूंत नवीन प्रथिनं बांधायचा वेग कमी भरला. दोघंही रोज घाम गाळणारे, तरीही.

उतार का, तर उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि त्यात तंतूंना बारीक इजा होतात. सिंहगड असो की यवतेश्वराचा घाट, दम चढताना लागतो पण बिल उतरताना फाटतं. ते फेडायला पंचविशीत दोन दिवस पुरतात, सत्तावन्नाव्या वर्षी चार लागू शकतात.

म्हणून मला ग्रुपच्या ‘सगळ्यांना एकच प्लॅन’ पद्धतीचा राग येतो. पंचविशीतल्या मुलाचा आणि सत्तावन्नच्या बाईंचा आठवडा सारखा कसा असेल? आठवडा सात दिवसांचा आहे तो कॅलेंडरसाठी. कठीण सराव तीनऐवजी दोन ठेवा, किंवा नऊ-दहा दिवसांचं चक्र धरा. मधले दिवस खरोखर हलके ठेवा, गप्पा मारता येतील इतके. पण वेगवान धावा पूर्ण बंद करू नका, कारण वयाबरोबर आधी वेगच जातो. थोड्या, छोट्या, पण ताज्या पायांनी करा. सोबत आठवड्यातून दोनदा वजनं.

खाण्याचं बघा. तरुणाला एका वेळी वजनाच्या किलोमागे पाव ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, वयस्करांना साधारण ०.४ ग्रॅम लागतात. ६५ किलोच्या माणसाला म्हणजे २६ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. रविवारची धाव झाली की आपण सगळे पोहे आणि चहावर तुटून पडतो, तो हिशेब इथे बसत नाही. पोहे खा हो, पण सोबत पनीर, अंडी, उसळ, दही असं काहीतरी असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

एक महत्त्वाचं. सगळाच थकवा वयाच्या खात्यावर टाकू नका. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व आपल्याकडे बऱ्याच जणांचं कमी असतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. गोळी मनानं बंद करायची नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि नेहमीच्या वेगाला अचानक धाप लागायला लागली, छातीत जड वाटलं, तर धावणं थांबवून आधी तपासणी. रजोनिवृत्तीचा यात मोठा वाटा असतो, त्यावर वेगळा भाग करणार आहे.

तर ताई, थांबू नका. तपासण्या नीट आल्या तर पुढचे सहा आठवडे सिंहगड रविवाराआड करा आणि मधल्या रविवारी सपाटीवर लांब, संथ धाव. मंगळवारचा ट्रॅक गुरुवारी न्या. ग्रुपमध्ये तुमच्या वयाचं अजून कुणीतरी नक्की असेल, त्यांनाही सोबत घ्या. सहा आठवड्यांनी पाय कसे आहेत ते कळवा, मी इथे वाचून दाखवीन.