परार्धापलीकडची एक संख्या

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशा दुपटीने धान्याचे दाणे मागून राजाची कोठारे रिती करू पाहणाऱ्या चतुर पुरुषाची कथा बहुतेक वाचकांनी बालपणी ऐकलेली असेल. त्या पटाला चौसष्टांऐवजी सदुसष्ट घरे असती, तर दाण्यांची एकूण बेरीज १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ झाली असती, म्हणजे दोनाच्या सदुसष्टाव्या घातात एक उणा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली एकं-दहंपासून परार्धापर्यंतची अठरा स्थाने या संख्येला पुरत नाहीत, एकवीस अंकांपैकी तीन परार्धाच्याही डावीकडे उरतात.

गणिताच्या दप्तरात ती दाखल झाली, ती एका चुकीच्या नोंदीने. पॅरिसमधील मारँ मर्सेन नावाच्या ख्रिस्ती साधूने, दोनाच्या कोणत्या घातातून एक वजा केला असता मूळ संख्या, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष न भागली जाणारी संख्या मिळते, याची २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी १६४४ साली प्रसिद्ध केली. तीत ६७ आणि २५७ हे घातांक नाहक शिरले, आणि ६१, ८९, १०७ हे हक्कदार बाहेर राहिले. ६१ चे ६७ होणे हा छापखान्याचा प्रमाद असावा, असे साधूच्या कैवाऱ्यांनी सुचविले आहे. पण मग २५७ चे काय?

१८७६ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ६७ ची नोंद खोटी ठरविली, आणि नवल असे की संख्येचा एकही अवयव त्याच्या हाती नव्हता. त्याच्या पद्धतीला पुढे गणितज्ञ लेहमर यांनी दिलेले सुटसुटीत रूप असे : चार घ्यावेत, त्यांचा वर्ग करून दोन वजा करावेत, आपल्या मोठ्या संख्येने भागून बाकी ठेवावी, आणि त्या बाकीवर हाच संस्कार पुन्हा करावा, असे पासष्ट वेळा केल्यावर अखेरची बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. इथे शून्य येत नाही. गुन्हा शाबीत झाला, परंतु मुद्देमाल सापडला नाही.

तो हजर केला कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी, ऑक्टोबर १९०३ मध्ये, अमेरिकन गणित परिषदेच्या न्यूयॉर्क येथील सभेत. कोल यांनी अवाक्षरही न काढता फळ्यावर एकीकडे दोनाचा सदुसष्टावा घात मांडून त्यातून एक वजा केला, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला, आणि दोन्ही उत्तरे जुळताच ते खाली बसले, असे सांगतात. या शोधात त्यांचे तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, हीही त्याच आख्यायिकेची पुरवणी.

रविवार का लागावेत, याचा अदमास वाचकाला सहज घेता येईल. या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला १३४ ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे, आणि आठाने भागले असता एक किंवा सात. लहान अवयव म्हणजे १३४ गुणिले १४,४५,५८० अधिक एक. तेव्हा आठाची चाळणी लावूनही ओळीने तपासणाऱ्याला सव्वासात लाखांच्या आसपास उमेदवार पडताळावे लागतील. कोल यांनी अर्थातच याहून बारीक चाळण्या वापरल्या.

उलट बाजूचे काम मात्र पाऊण तासाचेही नाही. कागद घ्यावा, दोन्ही अवयवांच्या अंकांच्या बेरजांना नवाने भागावे. बाकी एक आणि एक उरते, आणि एकवीस अंकी संख्येचीही एकच. ताळा जमला, पण एवढ्याने गुणाकार शाबीत होत नाही. तो वाचकाने सबंध करून पाहावा.