बदलापूर : घर घ्यायचे, तर आधी शाळा

मध्य रेल्वेवर घर शोधणारे जोडपे बहुधा ठाण्यापासून सुरुवात करते. ठाण्याचा आकडा ऐकून डोंबिवलीत येते, तिथली नवी इमारत बजेटमध्ये बसत नाही म्हणून कल्याण, अंबरनाथ करत सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवरच्या बदलापूरला येऊन थांबते. इथे लिफ्ट आणि पार्किंग असलेल्या नव्या इमारतीत वन बीएचके साधारण २५ ते ४० लाखांत मिळतो. ठाण्यात एवढ्या रकमेत वन आरकेसाठीही वणवण करावी लागते. हप्ता पगारात बसतो, घर स्वतःचे होते आणि खिडकीतून इमारतीच्या भिंतीऐवजी डोंगर दिसतो.

त्यामुळेच हे शहर झपाट्याने वाढले. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. आज कात्रप, खरवई, शिरगाव, मांजर्ली, बेलवली, वालिवली अशी जुनी गावे एकमेकांना भिडली आहेत आणि त्यांच्या सीमेवरच्या भातखाचरांच्या जागी टॉवर आहेत. जांभळाला जीआय मानांकन मिळवणाऱ्या या गावात जांभळाची झाडे मात्र आता शोधावी लागतात. कारभार अजूनही नगरपालिकेकडेच आहे, आणि महानगराएवढ्या वस्तीचा भार नगरपालिकेच्या यंत्रणेला पेलवत नाही हे रस्त्यांवर आणि नळांवर दिसते.

इथे घर बघायला आलेले लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘स्टेशनपासून किती मिनिटे?’ प्रश्न रास्त आहे. पण नोकरी मुंबईत असेल तर घर घेणारे दोघेही दिवसभर बदलापुरात नसतात. पहाटेची लोकल पकडायची आणि रात्री साडेआठ-नऊला परतायचे, हा इथल्या हजारो घरांचा दिनक्रम आहे. सगळा दिवस या गावात काढते ते मूल. शाळा, व्हॅन, क्लास, पाळणाघर, खेळायला मैदान, ताप आला तर डॉक्टर, हे सगळे त्याला इथेच लागते, आणि त्या वेळी आई-बाबा दीड तासाच्या अंतरावर असतात. म्हणून माझे मत असे की बदलापुरात आधी शाळा ठरवावी, मग तिच्या आसपास इमारत शोधावी. मोठ्यांना स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा मिळते. पाच वर्षांच्या मुलाला रूळ ओलांडून पलीकडच्या भागातल्या शाळेत रोज पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे.

रूळ हीच इथली खरी फाळणी आहे. कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणारा हा लोहमार्ग १८५६ सालचा. त्याच्या पूर्वेला कुळगाव, गांधी चौक, कात्रप, शिरगाव, खरवई. पश्चिमेला उल्हास नदीकडे उतरत जाणारे मांजर्ली, बेलवली, रमेशवाडी, हेंद्रेपाडा, वालिवली आणि मूळचे बदलापूर गाव. उड्डाणपुलावर संध्याकाळी कोंडी होते, म्हणून पूर्वेचे लोक पूर्वेतच आणि पश्चिमेचे पश्चिमेतच व्यवहार उरकतात. शाळेच्या बाबतीतही तेच करावे.

पूर्वेकडून चंदेरीचा सुळका आणि टवलीचा डोंगर समोर दिसतात; पावसाळ्यात तो देखावा पाहूनच कित्येकांनी बुकिंगचे पैसे भरले असतील. पण पूर्वेलाच एमआयडीसीही आहे. खरवई-माणकिवलीच्या बाजूला रात्री रसायनांचा उग्र वास येतो, ही रहिवाशांची जुनी तक्रार आहे. घर दाखवणारे एजंट सकाळी अकराला बोलावतात. आपण रात्री अकराला जाऊन गच्चीत उभे राहावे.

पश्चिमेला नदीचा विचार आधी. उल्हास उन्हाळ्यातही आटत नाही, कारण आंध्र धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून तिच्यात येते. बदलापूरच्या बॅरेजवरून जीवन प्राधिकरण तेच उचलून शहराला पुरवते. तरीही अनेक नव्या वसाहतींत पाणी अपुरे येते आणि एप्रिल-मेमध्ये टँकर दिसतात. पावसाळ्यात हीच नदी पात्र सोडते. बदलापूरला तिची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे, आणि जुलैत इथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे दोन आकडे तासातासाला फिरतात. २७ जुलै २०१९ ला पहाटे बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारांवर प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफ आणि नौदलाला यावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. त्याच पाण्यात पश्चिमेच्या सखल भागातले तळमजलेही बुडाले होते, त्याची बातमी तुलनेने छोटी झाली.

पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय म्हणूनच पश्चिमेला टोकन देऊ नये. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. दोन रेषांमध्ये अटी असतात. नकाशा पाहून झाला की इमारतीच्या वॉचमनशी आणि समोरच्या वाण्याशी बोलावे. २०१९ मध्ये पाणी कुठवर आले होते हे ते हात वर करून दाखवतात. जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर त्या उंचीला मातकट रेघ अजून सापडते, तिच्यावरचा रंग नवा असला तरी.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. महारेरा नोंदणी क्रमांक आणि, १ ऑगस्ट २०२३ पासून, क्यूआर कोड प्रकल्पाच्या जाहिरातीवर असलाच पाहिजे. तो मोबाइलने तपासा. चालू बांधकामात ६० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल, तर जीएसटी १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ‘ओसी येतेच आहे’ या उत्तरावर व्यवहार करू नका. मेट्रो आणि नवी मुंबई विमानतळ यांच्या नावाने सांगितलेल्या भावातले किती पैसे आज मिळणाऱ्या सोयीचे आहेत, हेही बिल्डरला स्पष्ट विचारा.

आता शाळा. बदलापुरात पर्याय कमी नाहीत. दादरच्या इंडियन एज्युकेशन सोसायटीचे कात्रप विद्यालय आहे, कार्मेलसारखी कॉन्व्हेंट शाळा आहे, जुन्या स्थानिक संस्थांच्या मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळा आहेत, आणि नव्या टॉवरांच्या मागोमाग आलेल्या सीबीएसई शाळाही आहेत. दहावीचे निकाल बहुतेकांचे चांगलेच लागतात. पण या शहरात शाळा निवडताना निकालाच्या फलकापाशी थांबता येत नाही, आणि त्याचे कारण साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली; आरोपी शाळेतला सफाई कर्मचारी होता. २० ऑगस्टला सकाळी लोक शाळेपुढे जमले आणि तिथून रुळांवर उतरले. लोकल संध्याकाळपर्यंत बंद राहिल्या. पालकांची तक्रार वेळेत नोंदवून घेतली गेली नाही, हा त्या संतापातला मोठा भाग होता. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांबाबत सरकारने तातडीने आदेश काढले. रोज लोकलने लांब जाणाऱ्या आई-वडिलांनी त्या दिवशी लोकलच अडवली, हे मला आजही अस्वस्थ करते. आपण नसताना मुलाजवळ कोण असते, हा त्यांचा प्रश्न प्रत्येक नव्या घरमालकाचाही आहे.

शाळेत गेल्यावर तो प्रश्न नेमक्या शब्दांत विचारावा. लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेते? ती बाई शाळेची आहे की कंत्राटदाराची, आणि तिची पोलीस पडताळणी झाली आहे का? सीसीटीव्हीचे चित्रण कोण पाहते? सखी सावित्री समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, त्यात पालक कोण होते? सांभाळून उत्तरे देणाऱ्या शाळेपेक्षा, वही उघडून तारीख दाखवणारी शाळा मला जास्त भरवशाची वाटते. फीचेही तसेच. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. त्या समितीतल्या एखाद्या पालकाला गाठावे. शाळेच्या फाटकासमोर दुपारी उभे राहिले, तर अर्ध्या तासात पालक सगळे सांगतात.

व्हॅनवर वेगळे लक्ष हवे. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत मुली असतील तेथे महिला मदतनीस सांगितली आहे. बदलापूरच्या गल्ल्यांत साध्या रिक्षात दप्तरे बाहेर लटकवून आठ-दहा मुले कोंबलेली रोज दिसतात. शाळा चालत जाण्याएवढी जवळ असेल तर हा प्रश्नच मिटतो. आरटीईच्या २५ टक्के जागांतही एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना आधी संधी मिळते, हे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनी घर भाड्याने घेतानाच लक्षात ठेवावे.

दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण मोठे सरकारी रुग्णालय इथे नाही. गंभीर रुग्णाला उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा त्याही पुढे न्यावे लागते. शेजारच्या घरात कुणी आजी-आजोबा आहेत का, याला म्हणूनच इथे फार मोल आहे. जुन्या सोसायट्यांत असे शेजार आहेत. नव्या टॉवरमध्ये ते जुळायला वेळ लागतो.

लोकलबद्दल सर्वांनाच माहीत आहे, तरी हिशेब मांडतो. कल्याण वीसेक मिनिटांवर, ठाणे पाऊण-एक तासावर, सीएसएमटी दीड ते पावणेदोन तासांवर. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळण्याची आशा असते, कर्जत-खोपोलीहून येणाऱ्या गाडीत ती नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आली तेव्हा इथले प्रवासी चिडून उठले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. एक साधी गाडी कमी झाली तर काय होते, ते दाराला लटकणाऱ्यालाच कळते. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचे काम पुरे होईल तेव्हा फरक पडेल. आज घर घेणाऱ्याने आजचे वेळापत्रक धरावे. दोघांपैकी एकाची नोकरी ठाण्याच्या अलीकडे, कल्याणला किंवा अंबरनाथ एमआयडीसीत असेल, तर बदलापूर घ्यावे असे मी खुशाल सांगेन. दोघेही बीकेसी किंवा फोर्टला जात असतील आणि घरात तिसरे मोठे माणूस नसेल, तर सांगणार नाही.

ठरत नसेल त्यांनी अकरा महिन्यांच्या करारावर इथे भाड्याने राहून पाहावे, आणि तो करार मे अखेरीला सुरू करावा. जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकत्र सुरू होतात. पहिल्या दोन महिन्यांत पाण्याची वेळ, विजेचा लपंडाव, व्हॅनवाल्याचा स्वभाव, नदीची पातळी आणि वर्गशिक्षिका यांची ओळख होते. दिवाळीनंतर बालवर्गांचे प्रवेश सुरू होतात, तोवर शाळा नक्की झालेली असते. बुकिंगची रक्कम त्यानंतर भरावी.